डाव्या हातावरचे केस

मी आजारी पडलो ते माझ्याच धंद्यातल्या एका सवयीनं. हे मान्य करायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी एका भल्या माणसाला त्याच्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, नाही नाही ते बोलून आलो होतो. जुना वस्तरा घ्यायची, वापरायची किंवा विकायची हौस असलेल्यांनी हे वाचावं. ज्यांच्या घरात कुणाला कावीळ ब निघाली आहे आणि त्या दिवसापासून घर गप्प झालं आहे, त्यांनीही वाचावं. मी डॉक्टर नाही. मला जे झालं तेवढंच सांगतो.

पिवळे डोळे

माझं गाव कन्नडच्या पलीकडे. सतराव्या वर्षी शहरात आलो, हातगाडीवर कंगवे-आरसे विकले, मग जुन्या वस्तूंकडे वळलो. आज गुलमंडीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. घड्याळं, कंदील, अडकित्ते, कॅमेरे, आणि माझा खास माल म्हणजे जुने वस्तरे. परदेशी पोलादाचे, शिंगाच्या मुठीचे. पुण्या-मुंबईचे शौकीन ते घ्यायला येतात. हे सगळं मी कुणाच्या ओळखीवर नाही, माझ्या जिभेवर उभं केलं. सांगितलेल्या किमतीला मी आजवर एकही वस्तू घेतलेली नाही.

त्या उन्हाळ्यात मला जेवणाचा वास नकोसा झाला. फोडणी पडली की मी उठून बाहेर दारात जाऊन बसायचो. दुकानाच्या दोन पायऱ्या चढलो की खाली बसावं वाटायचं. मी ते उन्हावर ढकललं. मग एका सकाळी चहा देताना माझी बायको कांता कप हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, उजेडात या जरा." खिडकीशी नेऊन तिनं माझी खालची पापणी ओढली. करमाडला तिच्या भावाला फोन लावला.

मेहुण्यानं मला त्यांच्याकडच्या कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं कसल्याशा काड्यांची माळ करून डोक्यावर ठेवली. ती माळ सैल होत गळ्यात उतरली, छातीवर उतरली, की कावीळ उतरली म्हणायचं. मी त्याच्याशी दक्षिणेवरून हुज्जत घातली आणि कमी करून घेतली, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. माळ आठ दिवसांत पोटापर्यंत उतरली. माझी लघवी तोवर काळ्या चहासारखी झाली होती.

भाव होत नाही

नवव्या दिवशी ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा मुलगा अमोल मला दवाखान्यात घेऊन गेला. अमोल माझा एकुलता. वाळूजला कंपनीत नोकरीला. महिन्यापूर्वीच त्याचा साखरपुडा झाला होता, सिल्लोडची मुलगी, दिवाळीनंतर लग्न.

डॉक्टर बाई तरुण होत्या. रक्ताचा कागद समोर ठेवून म्हणाल्या की ही पाण्यातून येणारी कावीळ नाही, ही ब. ही एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाते. मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण त्यातून बरे होतात. काहींच्या अंगात ती कायमची राहते. आणि थोड्यांचं यकृत पहिल्याच झटक्यात कोसळतं. यातलं माझं कोणतं, हे आत्ता सांगता येणार नाही.

मी विचारलं, "यात काही कमी-जास्त होत नाही का?"

"काका, इथं भाव होत नाही," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मग प्रश्न सुरू झाले. कुठं सुई टोचून घेतली होती का, रक्त चढवलं होतं का, दात काढला होता का, गोंदवलं होतं का. सगळ्याला नाही. मग त्यांनी विचारलं, "दाढी कुठं करता?"

त्याच्या पुढचं मी ऐकलंच नाही. घरच्यांचं रक्त तपासा असं त्या म्हणाल्या होत्या, तेही नंतर अमोलनं सांगितलं. मला माझा माणूस सापडला होता.

हमीदभाईचं दुकान

हमीदभाई वीस वर्षं माझी दाढी करत होता. दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, तीन खुर्च्यांचं. मी दवाखान्यातून थेट तिथं गेलो. अमोल हाताला धरून घरी चला म्हणत होता, त्याचा हात झटकला.

मी दारातूनच सुरू झालो. तुझ्या वस्तऱ्यानं माझं रक्त नासवलं. एकच पातं दहा जणांना फिरवतोस. खुर्चीतला माणूस अर्ध्या तोंडाला फेस असताना उठून बसला. हमीदभाईनं हातातलं काम थांबवलं, नव्या पात्यांचं पाकीट उचलून मला दाखवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्यासमोर नवं अर्धं पातं घालतो, जुनं डब्यात टाकतो. वीस वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. मी ते पाकीट त्याच्या हातातून उडवलं. पाती फरशीवर पसरली.

तो खाली वाकला नाही. म्हणाला, "शेठ, गुस्सा नक्को करू. एक बात बताओ, तुम्हारा वो हाथ..."

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. माझ्या हाताशी तुला काय करायचंय, असं काहीतरी ओरडलो आणि तिथंच पायरीवर ओकलो. माझी ओकारी त्यानं बादलीभर पाणी ओतून धुतली. हे मी रिक्षात बसताना पाहिलं, आणि तरी मला त्याचा रागच आला.

हात समोर धरा

दुसऱ्या दिवशी मला भरती केलं. माझं रक्त गोठायला वेळ लागत होता, आणि त्याचा अर्थ यकृत थकलं आहे असा होता.

वॉर्डातलं आयुष्य फार लवकर एका साच्यात पडतं. सहाला रक्त काढायला येणार. सातला चहा, तो मला जायचा नाही. अंगाला खाज, इतकी की मी पलंगाच्या लोखंडी कडेवर पाठ घासायचो. सलाईनच्या बाटलीत किती उरलं ते बघत दुपार काढायची. आणि रोज सकाळी नऊला डॉक्टर बाई येऊन म्हणायच्या, "काका, हात समोर धरा. पंजे वर वळवा. बोटं पसरा." मी हात ताठ धरायचो. त्या माझ्या पंजांकडे बघत उभ्या राहायच्या. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, अजून सात गेले किती. मी भराभर उत्तरं द्यायचो, हिशेब तो माझा हातखंडा.

चौथ्या दिवशी शेजारच्या पलंगावरच्या माणसाचे पंजे पाखरानं पंख हलवावेत तसे हलले. त्याला वारही सांगता आला नाही. तासाभरात त्याला दुसरीकडे हलवलं आणि पलंगावर नवी चादर आली. मी सिस्टरला विचारलं, हात हलले म्हणजे काय होतं. ती म्हणाली, यकृत थकलं की विष डोक्यात चढतं.

तेव्हापासून मी रोज सहाला उठून, पांघरुणाखाली, आपले हात आपणच समोर धरून बघायचो. बाजारात समोरच्याचा हात हातात घेऊन मी हजार सौदे केले असतील. स्वतःच्या हाताची अशी भीती कधी वाटली नव्हती.

कांता दिवसभर बसून असायची. मी तिच्यावर खेकसायचो. भात मऊ नाही, पंखा जोरात नाही. ती एकदाच म्हणाली, "माझ्यावर वराडून कावीळ उतरत आसंल तर वराडा." मग तिनं मला गार पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं तळवे पुसून दिले. खाजेला तेवढ्यानं दहा मिनिटं थंडावा यायचा. त्या दहा मिनिटांसाठी मी दिवस काढायचो.

एक चांगली गोष्ट झाली. कांताचं आणि अमोलचं रक्त तपासलं, दोघांचंही साफ आलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा अर्धी वाटी पेज प्यालो.

दोन हात शेजारी

दहाव्या सकाळी मी हात समोर धरले. डॉक्टर बाईंनी पंजे पाहिले, मान हलवली, आणि मग त्यांची नजर खाली सरकली.

"काका, उजव्या हातावर एवढे केस आहेत. डाव्यावर एकही नाही. असं का?"

दोन हात शेजारी शेजारी होते. उजवा माझ्या बापासारखा, केसाळ. डावा मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, आणि त्यावर बारीक बारीक पांढऱ्या रेघा, पाटीवर ओढल्यासारख्या.

मी म्हणालो, "खरूज झाली होती." हे मी विचार न करता, पटकन, भाव सांगावा तसं म्हणालो. त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

आता ती सवय सांगतो. रविवारी जाफर गेटच्या बाजारात मी वस्तरा उचलला की तो धुवायचा-पुसायचा प्रश्नच नसे. आमच्या धंद्यात पोलादाला पाणी दाखवत नाहीत, गंज धरतो. वस्तरा उघडायचा आणि डाव्या हाताच्या केसांवर कोरडाच फिरवायचा. केस उडाले तर धार आहे. इतपत सगळेच करतात. माझी खुबी याच्या पुढची होती. धार चांगली असली तर मी पातं जरा तिरकं करून कातडीला मुद्दाम लावायचो. रक्ताचा एक थेंब आला की विकणाऱ्यापुढे हात धरायचा. बघ, चावतो, याची धार बिघडलेली आहे. रक्त पाहिलं की विकणारा बावरतो आणि भाव खाली येतो. पंधरा-सोळा वर्षं मी असे सौदे केले. घरी आणल्यावर रॉकेलनं गंज काढायचा, पॉलिश लावायची, खोबरेल तेलाचा हात, चामड्याच्या पट्ट्यावर घासणी, आणि पुन्हा हातावर. चमकला म्हणजे स्वच्छ झाला, असं मी धरून चाललो होतो. तो वस्तरा त्याआधी कुणाच्या गालावर, कुणाच्या फोडावर फिरला, हे मला कधी सुचलं नाही.

"तुम्हारा वो हाथ." हमीदभाईचं वाक्य मला त्या पलंगावर पुरं ऐकू आलं.

आणि तरी मी गप्प राहिलो. एक दिवस, दोन दिवस. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात हिशेब असा होता की वस्तऱ्यांचं नाव निघालं तर दुकान बसेल. आणि हमीदभाई खरा ठरेल.

हनुवटीवरचा काप

तिसऱ्या दिवशी दुपारी अमोल डबा घेऊन आला. गुळगुळीत दाढी केलेली, आणि हनुवटीवर ताजा काप, वर कागदाचा कपटा चिकटवलेला.

मी विचारलं, "दाढी कुठं केली?"

"घरीच. तुमच्याच वस्तऱ्यानं, नाना. जमाया लागलंय आता."

साखरपुड्याला मी त्याला एक वस्तरा दिला होता. काळ्या शिंगाच्या मुठीचा, माझ्या हाती आजवर आलेल्यांतला सगळ्यात देखणा. विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं की कोराच आहे, कुणी वापरलेला नाही. त्या सौद्यातही मी हातावर रक्त काढून दाखवलं होतं. आणि साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला पट्ट्यावर नव्यानं धार देऊन, माझ्याच डाव्या हातावर फिरवून, बोटानं पुसून मी तो डबीत ठेवला होता. तेव्हा मला थकवा सुरू झालेला होता. म्हणजे ही कावीळ माझ्या रक्तात होती. बाजारातून त्या पात्यावर काही आलं असेल नसेल. माझ्या हातावरून मी ते त्याच्या हनुवटीवर ठेवलं असणं शक्य होतं.

मी इतक्या जोरात ओरडलो की सिस्टर धावत आली. डॉक्टरांना बोलवा एवढंच मला म्हणता येत होतं.

डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खरूज नव्हती तर, असंही त्या म्हणाल्या नाहीत. अमोलला विचारलं, वस्तरा किती वेळा वापरला. पाच-सहा वेळा. किती वेळा कापलं. त्यानं खांदे उडवले.

"गेल्या आठवड्यातलं रक्त साफ आलं याला आता अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "दिसायला वेळ लागतो. आज लशीचा पहिला डोस घ्या. तीन महिन्यांनी तपासू, मग सहा महिन्यांनी. तोवर ब्लेड, ब्रश, नेलकटर काही कुणाशी वाटून घ्यायचं नाही."

अमोल लस घ्यायला गेला. दंडावर कापूस दाबून परत आला आणि म्हणाला, "लग्नाचं काय करायचं?"

सिल्लोड

माझे आकडे हळूहळू उतरले. सोळाव्या दिवशी घरी आलो. डोळे अजून पिवळे, वजन दहा किलोनं कमी, पण हात कधी हलले नाहीत.

घरी पहिलं भांडण लग्नावरून. माझं म्हणणं होतं की सिल्लोडला काही कळवायचं नाही. तब्येतीचं कारण सांगून तारीख पुढे ढकलू, रिपोर्ट साफ येईल, विषय संपेल. कुणाला कळलं तर सोयरीक मोडेल आणि वर नाव होईल ते वेगळंच. मी आवाज चढवला. कांता स्वयंपाकघरात गेली.

अमोलनं आवाज चढवला नाही. म्हणाला, "नाना, गंजावर पॉलिश मारून वस्तरा विकता, तसं मला विकायचंय का?"

मी उठून त्याच्या अंगावर गेलो असतो. पायांत तेवढं बळ नव्हतं. भिंतीला धरून उभा राहिलो, आणि शेवटी म्हणालो, सिल्लोडला जाऊ.

पुढच्या आठवड्यात एसटीनं सिल्लोडला गेलो, मी आणि अमोल. मुलीचे वडील साहेबराव कापसाचे व्यापारी, मोजकं बोलणारा माणूस. अमोलनंच सगळं सांगितलं. मी वस्तरा दिला हे सांगायची वेळ आली तेव्हा तो थांबला, माझ्याकडे पाहिलं. ते मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मालातली खोट समोरच्यानं न विचारता दाखवत होतो.

साहेबरावांनी पानाचा डबा बंद केला. आत गेले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, मुलीचाही. बाहेर आले ते उभ्यानंच म्हणाले, "सहा म्हैनं थांबू. पोरगी थांबू म्हणती. पर येक सांगतो, हे दुसऱ्याच्या तोंडून कळलं आसतं, तर दारात उभं केलं नसतं."

चहा आला. माझा कप वेगळा होता, बाकीच्यांचे एकसारखे. ही कावीळ कपातून जात नाही, हे मला तेव्हा माहीत होतं, तोंडावरही आलं होतं. गिळलं आणि चहा प्यालो.

वस्तरा कसा धुवावा

ते सहा महिने घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मला भांडायला समोर माणूस लागतो. इथं तो नव्हता. कोणत्या वस्तऱ्यानं केलं हे कधीच कळणार नव्हतं. त्या शपथ घेणाऱ्या विक्रेत्याला मी चार रविवार शोधला, तो बाजारात परत दिसला नाही. त्याच्यावरचा माझा राग आजही आहे तसा आहे. पण कोरा म्हणून दिलेल्या वस्तऱ्यालाही मी साबण लावला असता, तर त्याच्या खोट्या शपथेनं माझं काही बिघडलं नसतं, हेही तेवढंच खरं.

हात मोकळे होते म्हणून मी दुकानातला प्रत्येक वस्तरा धुवायला काढला. डॉक्टर बाईंना विचारून शिकलो ते असं.

आधी रबरी हातमोजे. मग साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. पातं धारेकडून पाठीकडे नाही, पाठीकडून धारेबाहेर घासायचं, नाहीतर बोट जाईल. खरी घाण पात्यावर नसते, ती मुठीच्या सांध्यात असते, जिथं खिळा बसतो तिथं. तिथं काडीला कापूस गुंडाळून फिरवला तेव्हा पहिल्याच वस्तऱ्यातून तपकिरी काहीतरी निघालं. ते गंज होतं की रक्त, मला सांगता येणार नाही. मी ती काडी बराच वेळ धरून बसलो होतो.

घाण निघाल्याशिवाय औषध काम करत नाही. नुसतं स्पिरिट पुसून भागत नाही, माझ्यासारखं तेल-पॉलिश करून तर अजिबात नाही. साबणानं धुऊन, चांगलं खळबळून झाल्यावर साधं घरगुती ब्लीच, एका भागाला नऊ भाग पाणी, त्याच वेळी कालवलेलं, खिडकी उघडी ठेवून. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. पातं दहा मिनिटं बुडवायचं. काळवंडतं. काळवंडू द्यावं. मग भरपूर पाण्यानं धुवायचं, लगेच कोरडं करायचं, शेवटी स्पिरिट, आणि मग तेल. शिंगाची किंवा हाडाची मूठ भिजवता येत नाही, ती तडकते. तिचा सांधा स्वच्छ होईल याची खात्री नसेल तर तो वस्तरा काचेच्या कपाटात शोभेला ठेवावा, अंगाला लावू नये. पात्यावर गंजाचे खड्डे असतील तर फेकावा. ज्यानं धुतलं तो ब्रशही फेकावा. आणि एवढं करूनही एक वस्तरा एकाच माणसाचा.

नवा असला तरी धुवावा. माझ्या दुकानातला 'नवा' वस्तरा विकला जाईपर्यंत पाच जणांनी आपापल्या हातावर फिरवून पाहिलेला असायचा. मीच त्यांना सांगायचो, लावून बघा हातावर. आता दुकानात पाटी आहे, धार हातावर पाहू नये, आणि शेजारी दोरीला वर्तमानपत्राच्या पट्ट्या टांगलेल्या. धार असेल तर कागदावर कळते. माझ्याकडे नेहमी येणाऱ्यांना मी फोन करून रक्त तपासायला सांगितलं. काही जण परत आले नाहीत. कुणी तपासलं, कुणी नाही, मला माहीत नाही.

पहिल्यांदा रक्त दाखवावं लागलं

हमीदभाईकडे मी गेलो तेव्हा तीन महिने झाले होते. अमोलचा पहिला फेर-रिपोर्ट साफ आला होता, त्या बळावर गेलो. पेढे नेले. चूक माझी होती म्हणालो. तो एका म्हाताऱ्याचे केस कापत होता, कापत राहिला. मग कात्री ठेवून ड्रॉवर उघडला आणि एक कागद माझ्या हातात दिला. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट. माझ्या आरडाओरड्यानंतर गिऱ्हाईक तुटलं, म्हणून त्यानं स्वतःहून करून घेतला होता. साफ.

"बीस बरस में पहली बार अपना खून किसी को दिखाना पड़ा, शेठ," तो म्हणाला.

मी म्हणालो, माफी मागितली की. तो म्हणाला, हौ, सुन लिया. पेढे त्यानं घेतले, म्हाताऱ्याला एक दिला, खुर्चीकडे मात्र हात केला नाही. मी परत येताना तणतणत होतो. एवढा आजारी माणूस दारात आला, अजून काय हवं. घरी पोचल्यावर कळलं की मी माफीचाही भाव करत होतो, आणि त्यानं तो कमी केला नव्हता.

लिफाफा

सहावा महिना भरला त्या सकाळी अमोल आणि मी प्रयोगशाळेच्या बाकावर बसलो होतो. माझाही रिपोर्ट त्याच दिवशी होता. आतल्या मुलीनं दोन लिफाफे काढले. माझा आधी उघडला. माझ्या रक्तातून ती गेली होती. मला काही वाटलं नाही. मी दुसऱ्या लिफाफ्याकडे बघत होतो.

माणसाचा चेहरा बघून त्याच्या मनातली शेवटची किंमत ओळखणं, यावर मी जगलो आहे. त्या वेळी मला अमोलच्या चेहऱ्याकडे बघता आलं नाही. मी त्याच्या बुटांकडे बघत राहिलो. कागद उलगडल्याचा आवाज आला. मग घडी घातल्याचा.

"नाना, सिल्लोडला फोन लावा," तो म्हणाला. "साफ आहे. लसही लागू पडली म्हणतात."

मी फोन काढला. नंबर तोंडपाठ होता, तरी दोनदा चुकला.

धार

लग्नाच्या सकाळी नवरदेवाची दाढी करायला हमीदभाई आला. मी नाही, अमोल त्याला बोलावून आला होता. अंगणात पाट मांडला, कांतानं पाण्याचं तपेलं ठेवलं. पाहुणे भोवती उभे.

हमीदभाईनं गरम पाण्यात हात धुतले. खिशातून पाकीट काढलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरून फोडलं, नवं पातं वस्तऱ्यात बसवलं. मग अमोलकडे न वळता माझ्याकडे वळला. वस्तरा उघडा, मूठ माझ्या बाजूला.

"शेठ," तो म्हणाला, "धार देखना है?"

त्याच्या मिशीखाली हसू होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. पाहुण्यांना काही कळलं नाही. अमोलला कळलं, तो खाली मान घालून हसत होता.

मी सदऱ्याची बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि म्हणालो, "तुझ्यावर सोडलं."

तो वळला आणि अमोलच्या गालाला फेस लावू लागला. मी पाठीमागे हात बांधून उभा राहिलो. बाहीच्या आत डाव्या हाताला कापड लागत होतं, केसांवरून सरकत होतं. सहा-सात महिन्यांत ते सगळे परत आले आहेत, उजव्यासारखेच. फक्त थोडे पांढरे आलेत.